शब्द पाठ आहेत, तरी उत्तर का चुकते?

सप्रेम नमस्कार.

गंगाखेड तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. मुलगा बी.ए. झाल्यापासून 2 वर्षे तलाठी भरतीची तयारी करतो आहे, रोज 30 इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करतो, सामान्य ज्ञानाचे जाड पुस्तक त्याने दोनदा संपवले आहे आणि तरीही सराव परीक्षेत इंग्रजीच्या 25 प्रश्नांपैकी 9-10 च्या पुढे तो जात नाही. तेव्हा सोयाबीनचे पैसे हाती आले की त्याला पुण्याच्या क्लासला पाठवावे का, असे आपण विचारले आहे.

यंदा पाठवू नये, असे माझे मत आहे. 2023 च्या तलाठी भरतीत इंग्रजीला 200 पैकी 50 गुण होते, त्यामुळे आपली काळजी रास्तच आहे. परंतु आपण जोडलेल्या त्याच्या वहीच्या झेरॉक्स पाहिल्यावर दुखणे वेगळेच दिसले. वहीत ‘डिस्चार्ज’ या शब्दापुढे ‘सोडणे’ एवढेच लिहिलेले आहे. आता प्रश्नात ‘ही डिस्चार्ज्ड हिज ड्यूटीज’ असे वाक्य आले, की हा मुलगा ‘त्याने आपले कर्तव्य सोडले’ असा पर्याय निवडणार, आणि खरा अर्थ तर ‘कर्तव्य पार पाडले’ असा नेमका उलटा आहे. पाठांतर पक्के असल्यामुळेच ही चूक होते.

हाच शब्द त्याला घरबसल्या शिकता आला असता. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो, मोबाइलची बॅटरी डिस्चार्ज होते आणि पावसाळ्याच्या अखेरीस जायकवाडीचे दरवाजे उघडले, की गोदाकाठच्या गावांना इशारा देणाऱ्या बातमीत विसर्गाचे आकडे येतात. इंग्रजी बातमीत त्या विसर्गाला डिस्चार्जच म्हणतात. आपले गाव नदीच्या खालच्या अंगाला असल्याने ती बातमी आपल्याकडे लक्ष देऊन वाचली जात असणारच. तिच्यातला ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला 1 घनफूट, साधारण 28 लिटर पाणी, आणि ‘टीएमसी’ म्हणजे 100 कोटी घनफूट. 1 लाख क्युसेक विसर्ग असेल तर 1 टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल, हे गणित त्याला घालून पाहा. 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे अधिक, हे उत्तर आले पाहिजे. नाथसागर, पैठण, त्र्यंबकेश्वरजवळचा गोदावरीचा उगम, नांदेडनंतर तेलंगणात जाणारा प्रवाह, हे सारे त्याच बातमीच्या ओघात लक्षात राहते. पुस्तकात मात्र हीच माहिती चार प्रकरणांत विखुरलेली असते.

दुसरी चूक मराठीच्या सवयीतून आली आहे. आपण ‘अमक्याशी लग्न झाले’ म्हणतो, म्हणून तो ‘मॅरीड विथ’ लिहितो. इंग्रजीत ते ‘मॅरीड टू’ असते. ‘विषयावर चर्चा केली’ या वळणाने त्याने ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ जोडले आहे, वास्तविक तेथे काहीच लागत नाही. मराठीची अडचणच होते असेही नाही, कारण इंग्रजीतला ‘माँगूस’ हा शब्द आपल्या मुंगसावरूनच गेलेला आहे.

तेव्हा रोजचे 30 शब्द थांबवून 5 घ्यावेत. प्रत्येक शब्द बातमीतल्या किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेतल्या पूर्ण वाक्यासह, त्यापुढे येणाऱ्या ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘ऑफ’सह उतरवावा, आणि आठवड्याने मराठी अर्थ झाकून त्याचे नवे वाक्य करावे. हे त्याला सुरुवातीला फार संथ वाटेल आणि वर्गमित्रांच्या याद्या पाहून तो अस्वस्थ होईल, तेवढे दिवस आपण धीर धरावा.

3 महिन्यांनी त्याच्या चुकलेल्या 20 प्रश्नांचा कागद मला पाठवावा, आणि या वेळी पत्र त्याने स्वतः लिहावे. क्लासचा विचार तो कागद पाहून करू.

आपला,
करिअर मार्गदर्शक, लातूर