ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअर : संचालक मंडळाला काय सांगावे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे बहुतेक सभासद केळी उत्पादक शेतकरी आहेत. कार्यालयातील सर्व संगणकांवर लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे, मोफत आणि ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड, अर्थात मूळ आज्ञावली, सर्वांसाठी खुली असते असे) सॉफ्टवेअर बसवावे, असा प्रस्ताव मी मांडला. त्यावर ज्येष्ठ संचालकांनी विचारले, की ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो तो चोरालाही वाचता येणार. मग सभासदांची कर्जप्रकरणे सुरक्षित कशी राहतील? शिवाय फुकटच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी कोण घेणार?
– एक लेखापाल, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : संचालकांची शंका रास्त आहे. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्यांनी ती विचारलीच पाहिजे.

कोड उघडा असला म्हणून आपल्या फायली उघड्या होत नाहीत. त्या आपल्याच संगणकावर राहतात. पासवर्ड घालून जतन केलेली फाइल लिबरऑफिस एईएस-२५६ या कूटलेखनाच्या (एन्क्रिप्शन) पद्धतीने कुलूपबंद करते. ही पद्धत जगजाहीर आहे. कुलूप कसे घडवतात हे गावातल्या प्रत्येक कारागिराला ठाऊक असले, तरी किल्ली आपल्याच कनवटीला असते. पासवर्ड मात्र संस्थेच्या नावाचा किंवा स्थापनेच्या वर्षाचा नसावा.

चोर कोड वाचतो हे खरे, पण बंद कोडच्या सॉफ्टवेअरमधील छिद्रेही त्याला सापडतातच. २०२२ साली ‘फोलिना’ नावाने गाजलेल्या दोषामुळे वर्डची फाइल पाठवून संगणकाचा ताबा घेता येत होता. लिबरऑफिसही दोषमुक्त नाही आणि आपण मंडळासमोर तसा दावा करू नये. २०१९ साली त्यातील ‘लिबरलोगो’ या भागाचा गैरवापर करून, फाइल उघडणाऱ्याला कोणतीही सूचना न मिळता तिच्यातील घातक आज्ञा चालवता येतात, असे आढळले. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि पुढच्या आवृत्तीत ती पुन्हा करावी लागली. माझ्या मते हेच उदाहरण आपण मंडळाला सांगावे, कारण पहिली दुरुस्ती पुरेशी नाही हे बाहेरच्या संशोधकांना तपासता आले आणि तो सारा व्यवहार उघडपणे नोंदला गेला.

जबाबदारीचे म्हणाल, तर लिबरऑफिसचे काम २०१० पासून ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ पाहते. परवान्यात नुकसानभरपाईची हमी नाही. पण विकतच्या सॉफ्टवेअरचे करारपत्र बारकाईने वाचले, तर तेथेही कंपनीने आपली जबाबदारी बरीच मर्यादित केलेली दिसेल. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. भारत सरकारचेही आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण २०१५ पासून आहे. ते पतसंस्थेला बंधनकारक नाही, मात्र आधार म्हणून दाखवता येईल.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. अनेक छोट्या कार्यालयांत दुरुस्तीला आलेला माणूस पेनड्राइव्हवरून विकतच्या ऑफिसची ‘क्रॅक’ (परवाना चुकवून चालणारी बेकायदा) प्रत टाकून देतो आणि ती चालावी म्हणून अँटिव्हायरस बंद करतो. त्या क्रॅकमध्ये काय दडले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. संस्थेत अशी एक जरी प्रत असेल, तर ती आधी काढून टाकावी.

लिबरऑफिस अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे, कोणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नये. नवी आवृत्ती वेळेवर बसवण्याचे काम एका कर्मचाऱ्याच्या नावे लेखी सोपवावे, कारण दोष दुरुस्त होऊनही जुनीच आवृत्ती वापरत राहणे हा निष्काळजीपणा ठरतो. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून ‘सिक्युरिटी’खाली मॅक्रोंच्या (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या) सुरक्षेची पातळी पाहावी, ती मुळात ‘हाय’ असते, म्हणजे विश्वासू स्रोताची डिजिटल स्वाक्षरी नसलेले मॅक्रो चालत नाहीत. एखादी शीट चालेना म्हणून ही पातळी कोणी ‘लो’ करून ठेवली, तर ईमेलने आलेल्या खोट्या बिलाला दार मोकळे होते.

लेखापरीक्षकांच्या मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट लिबरऑफिसमध्ये कधीकधी नीट चालत नाहीत. त्यासाठी एका संगणकावर परवान्याचे एक्सेल ठेवावे आणि तेवढ्या खर्चाची तरतूद याच प्रस्तावात दाखवावी.