आमवाताला फंक्शनल मेडिसिनचं पॅकेज घ्यावं का? मेथोट्रेक्सेट सुटेल का?

बहिणीचं वय ३२, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, जोडीला थायरॉइड आणि न संपणारा थकवा. एका फंक्शनल मेडिसिनवाल्यांनी (रोगाचं मूळ खाणं, झोप, ताण यांत शोधून त्यावर उपचार करणारे) सहा महिन्यांचं पॅकेज सुचवलंय, त्यात मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी, 'हळूहळू बंद करू' असंही म्हटलंय. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मला हीच दोन्ही दुखणी आहेत आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांकडे मी जाऊन आले आहे, म्हणून लिहिते. जायचं तर जाऊ दे, पण गोळी चालू ठेवून. ती कमी करायची की बंद, हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (आमवाताचा तज्ज्ञ डॉक्टर) ठरवेल, पॅकेजवाले नाहीत.

त्यांच्याकडे चांगलं काय आहे ते आधी सांगते. पहिल्याच भेटीत मला तासभर तरी बसवून घेतलं. लहानपणी अँटिबायोटिक्स किती झाली, बाळंतपणानंतर बोटं आखडायला लागली का, झोप कितीला लागते, पोट साफ होतं का, घरात ताण कसला, हे सगळं विचारून एका लांबलचक कागदावर सालवार मांडलं. ओपीडीत अर्धा दिवस ताटकळून पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडणाऱ्या पेशंटला त्याचं काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको. माझ्या मते लोक पैसे मोजतात ते या वेळेचे. झोप, व्यायाम, वजन, तळकट-गोड कमी करणं या गोष्टी तिथे कोणीतरी मागे लागून करून घेतं, आणि थकव्याला मला त्याचा खरंच उपयोग झाला.

पुरावा म्हणाल तर थोडाफार आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं २०१४ मध्ये फंक्शनल मेडिसिनचं केंद्र काढलं. तिथल्या रुग्णांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. सहा महिन्यांनी त्यांची तब्येत नेहमीच्या दवाखान्यातल्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारलेली दिसली, बारा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. शिवाय रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, आपणहून आलेले होते. खाण्याचं म्हणाल तर नॉर्वेत आमवाताच्या ५३ रुग्णांवर १९९१ मध्ये प्रयोग झाला होता: आधी उपास, मग ग्लुटेन नसलेला निव्वळ शाकाहार, नंतर दूधदुभतं. आहार बदललेल्यांचा ठणका आणि सूज उतरली आणि वर्षभर टिकली. आपल्याकडे कोइमतूरला आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही मिळून अशी तुलना झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. तिन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, पण रुग्ण होते अवघे ४३. एवढ्यावरून 'आयुर्वेद तेवढाच चालतो' असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

गोळी सोडू नका म्हणते त्याचं कारण असं, की दुखणं कमी होणं आणि रोग थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठणका गेला तरी आत हाड झिजत असू शकतं. एक्स-रेमध्ये ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि वाकडी झालेली बोटं कोणत्याही पथ्यानं सरळ होत नाहीत.

आता पॅकेजमधल्या तपासण्या. 'फूड सेन्सिटिव्हिटी'ची आयजीजी टेस्ट असेल तर ती सरळ वगळायला सांगा. माझ्या रिपोर्टात लाल रंगात काय आलं होतं? गहू, दही, शेंगदाणे. म्हणजे आमच्या घरात जे रोज पोटात जातं तेच! आयजीजी अँटिबॉडी बहुतेक वेळा एवढंच सांगते की हा पदार्थ तुम्ही खाता. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही टेस्ट निदानासाठी वापरू नका असं लेखी सांगितलंय. त्यापेक्षा बी-१२, डी, हिमोग्लोबिन, सीआरपी (अंगातली सूज किती ते सांगणारी तपासणी) बघा. शाकाहारी घरात थकव्याचं कारण पुष्कळदा बी-१२ मध्येच सापडतं.

सप्लिमेंटच्या डब्यांचं मात्र फार जपून. मला दिलेल्या एका कॅप्सूलमध्ये भरपूर बायोटिन होतं, केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन. पुढच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या टेस्टमधला मुख्य आकडा, एकदम खाली आला. थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, डोस कमी करायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केसांसाठी काही घेता का?" बायोटिन काही थायरॉइड टेस्टचे आकडेच चुकवतं. थोडे दिवस ते बंद ठेवून परत रक्त दिलं तर आकडा जागेवर! तेव्हापासून सगळ्या बाटल्या पिशवीत घालून नेते आणि टेबलावर मांडते.

गुळवेलीचंही तसंच. 'इम्युनिटी वाढवते' म्हणून कोविडमध्ये घरोघरी काढे झाले, पण आमवातात इम्युनिटीच उलटलेली असते, ती आणखी कशाला चेतवायची? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती दिशाभूल करणारी म्हणून फेटाळली, वाद अजून आहे. मेथोट्रेक्सेट मुळातच यकृतावर ताण देतं, त्यामुळे मी तरी त्या वाटेला जात नाही. आणि कुठल्या बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत सूज उतरली, तर आत स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या. अशी पुडी एकदम सोडणंही धोक्याचं, आधी डॉक्टरांना दाखवा.

तिच्या वयावरून आठवलं, मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आत्ताच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना सांगा. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, आधीपासून थांबवावं लागतं आणि त्याजागी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा सल्फासलाझिनसारखी गोळी देता येते. बहिणीला मेथोट्रेक्सेट सुटावं असं वाटत असेल तर त्यामागे हेही असू शकतं, एकदा विचारून बघा.