थ्रीडीएस (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) हॅक करू का?

नुसते जुने सुपर निन्टेन्डो कन्सोलचे गेम खेळायचे असतील तर हा खटाटोप कशाला? ते साध्या फोनवरही एम्युलेटरने (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या ॲपने) आरामात चालतात. पण थ्रीडीएस कपाटात धूळ खात पडला असेल तर जरूर कर. त्याचं ईशॉप (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये. आता हॅक केल्याबद्दल निन्टेन्डोची बंदी आली तरी गमावण्यासारखं फारसं उरलेलं नाही. आणि चष्म्याविना दिसणारा थ्रीडी पडदा फोनवर कुठून आणणार?

आधी नँडचा (कन्सोलच्या आतल्या मेमरीचा) बॅकअप घे, तो कॉम्प्युटरवर काढून ठेव. मी आळस केला आणि रात्रभर काळा पडदा बघत बसलो. यूट्यूबचे जुने व्हिडिओ नकोत, पद्धती बदलतात. ताजं लेखी गाईड वाच. रोजच्या वापरातल्या स्विच कन्सोलला मात्र हात लावू नकोस, तिथे निन्टेन्डो अजून बंदी घालते.