वाचकांचे प्रश्न : लिसूंची लिपी, लिसूंची पावसाळी शाळा

ईशान्य सीमेलगतच्या डोंगरी समाजांविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येतात. या वेळची चार पत्रे लिसू समाजातील ख्रिस्ती कार्याविषयी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : लिसू लोकांना लिपी नव्हती आणि जेम्स फ्रेझर नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने ती एकट्याने तयार करून दिली, असे एका व्याख्यानात ऐकले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : निम्मे खरे आहे, आणि उरलेले निम्मे अधिक रंजक आहे. लिसू हा तिबेटो-बर्मी कुळातील भाषा बोलणारा समाज. त्याची मुख्य वस्ती चीनच्या युन्नान प्रांतात, नू नदीच्या म्हणजेच साल्विनच्या खोल दऱ्यांत आहे. २०१० च्या चिनी जनगणनेत त्यांची संख्या सात लाखांवर नोंदली गेली. तेथून ते म्यानमारच्या काचिन आणि शान राज्यांत, उत्तर थायलंडमध्ये आणि थोड्या संख्येने आपल्या अरुणाचल प्रदेशात पसरले आहेत. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले जेम्स आउट्रम फ्रेझर (१८८६–१९३८) चायना इनलँड मिशन या मिशनरी संस्थेतर्फे १९०८ मध्ये चीनला गेले आणि युन्नानच्या पश्चिम टोकाला तेंगयुए, म्हणजे आजच्या तेंगचोंग, येथे त्यांचा लिसूंशी परिचय झाला. लिपीचा पहिला आराखडा मात्र म्यानमारमधील कारेन जमातीचे सुवार्तिक (ख्रिस्ती प्रचारक) सारा बा थॉ यांनी केला होता. नावातील ‘सारा’ हा ‘गुरुजी’ या अर्थाचा आदरार्थी शब्द आहे. १९१५ च्या सुमारास तयार झालेल्या या आराखड्यात फ्रेझर यांनी सुधारणा केल्या आणि पुढे लिपीला त्यांचेच नाव चिकटले. आराखडा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे मिशनच्या इतिहासात वारंवार घडलेले दिसते, आणि व्याख्यात्यांनी तरी ते सुधारून सांगायला हरकत नसावी.

लिपी मोठी हुशारीची आहे. तिच्यात रोमन लिपीची मोठी अक्षरे वापरली आहेत. ती अपुरी पडली तेथे तीच अक्षरे उलटी करून घेतली आहेत, म्हणजे छापखान्याला निराळे खिळे पाडण्याची गरज उरली नाही. व्यंजने ३० आणि स्वर १० आहेत. लिसू भाषेत एकच अक्षर वेगवेगळ्या सुरांत उच्चारले की अर्थ बदलतो, आणि असे सहा सूर दाखवण्यासाठी पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम यांसारखी चिन्हेच योजली आहेत. मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल : व्यंजनापुढे स्वर लिहिला नाही तर त्यात ‘अ’सारखा स्वर आहे असेच समजायचे, जसे आपल्या ‘क’मध्ये असते. रोमन अक्षरांच्या वेषात वावरणारी ही लिपी स्वभावाने देवनागरीच्या जवळची आहे.

‘लिपी नव्हती’ या विधानालाही एक पुरवणी जोडावी लागते. १९२० च्या दशकात वेइशी भागातील वांग रेनबो या लिसू शेतकऱ्याने, मिशनचा काही संबंध नसताना, हजाराहून अधिक चिन्हांची स्वतंत्र लिपी रचली होती. ती फारशी पसरली नाही. १९५० च्या दशकात चीन सरकारने नवी रोमन लिपी तयार केली, परंतु लोकांच्या हातात उपासनेच्या निमित्ताने फ्रेझर यांच्या नावाची लिपी रुळली होती. अखेर १९९२ मध्ये चीनने तिला अधिकृत मान्यता दिली.

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबल प्रशिक्षणाचे वर्ग सुरू करण्याची चर्चा चालू आहे. अशा चर्चेत लिसूंच्या ‘पावसाळी बायबल शाळे’चा दाखला दिला जातो. ती शाळा काय होती आणि तिचे एवढे महत्त्व का?

उत्तर : ही शाळा समजून घ्यायची तर तिच्या आधीची वीस-बावीस वर्षे पाहावी लागतात. १९१६ पासून युन्नानच्या डोंगरांतील लिसू कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती होऊ लागली. एकेका व्यक्तीने नव्हे, तर घरातील सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा, अशी त्या समाजाची रीत होती. गावे एकमेकांपासून पायी काही दिवसांच्या अंतरावर होती आणि नद्या दोरावरून लोंबकळत ओलांडाव्या लागत. एक परदेशी माणूस सर्वत्र पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून शिकवण्याचे काम लिसूंनाच करावे लागणार हे उघड होते. फ्रेझर यांनी या अडचणीचेच धोरण केले. लिसू प्रचारकांना मिशनच्या पैशांतून पगार द्यायचा नाही, प्रार्थनामंदिरे परदेशी निधीतून बांधायची नाहीत, हे त्यांनी सुरुवातीपासून ठरवले आणि पाळले. परदेशातून त्यांनी मागितले ते मुख्यत्वे प्रार्थनेचे साहाय्य. इंग्लंडमधील लेचवर्थ येथे त्यांच्या आईने यासाठी एक लहानसा गट जमवला होता.

दुसरा आधार पुस्तकांचा होता. शुभवर्तमानांपासून (येशूच्या चरित्रग्रंथांपासून) सुरुवात करून १९३० च्या दशकात बायबलच्या नव्या कराराचे भाषांतर पूर्ण झाले. फ्रेझर यांच्यासह ॲलिन आणि लीला कुक या दांपत्याचे आणि लिसू सहकाऱ्यांचे ते काम होते. संपूर्ण बायबल मात्र १९६८ मध्ये उपलब्ध झाले.

या पार्श्वभूमीवर जॉन आणि इझोबेल कून या मिशनरी दांपत्याने १९३८ मध्ये साल्विनच्या वरच्या खोऱ्यात, मिशनऱ्यांनी ओक फ्लॅट असे नाव दिलेल्या गावी, पावसाळ्यात भरणारी बायबल शाळा सुरू केली. कल्पना साधी होती. लागवड आटोपलेली असते आणि पीक हाती यायला अवकाश असतो; दरडी कोसळत असल्याने प्रचारकांना दूरच्या गावांकडे जाताही येत नाही. जो काळ फुकट जातो असे सगळे धरून चालले होते, तोच काळ शाळेला मिळाला. शिकवणे लिसू भाषेत आणि विद्यार्थी शेती करणारे तरुण, त्यांपैकी बहुतेकांनी शाळेचे तोंड पूर्वी पाहिलेले नव्हते. आठवड्याच्या शेवटी त्यांना जवळपासच्या गावांत उपासना चालवण्यासाठी पाठवले जाई, त्यामुळे शिकलेले लगेच कसोटीला लागे. लिसूत शिक्षकाला ‘मापा’ आणि शिक्षिकेला ‘मामा’ म्हणतात; इझोबेल कून या साऱ्यांच्या ‘मामा’ होत्या, हे वाचून मराठी वाचकाला क्षणभर हसू आल्याखेरीज राहणार नाही.

ज्या वर्षी ही शाळा सुरू झाली त्याच वर्षी फ्रेझर यांचा बाओशान येथे मलेरियाने मृत्यू झाला. पुढे महायुद्ध आले, आणि १९४९ च्या सत्तांतरानंतर दोन-तीन वर्षांत परदेशी मिशनरी चीनमधून बाहेर पडले. १९५८ पासून नू नदीच्या खोऱ्यातील मंडळ्यांवर कडक बंधने आली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उपासना उघडपणे करणे अशक्य झाले, आणि पुष्कळ कुटुंबे सीमा ओलांडून म्यानमारला गेली. १९८० च्या दशकात प्रार्थनामंदिरे पुन्हा उघडली तेव्हा विश्वास टिकलेला होता, इतकेच नव्हे तर वाढलेला होता. तीन दशके एकही परदेशी शिक्षक नसताना हे घडले. माझ्या मते याचे श्रेय शाळेच्या अभ्यासक्रमापेक्षा त्या मांडणीला अधिक आहे, ज्यात शिकवणारा गावचाच, पोटापाण्यासाठी स्वतःच्या शेतावर अवलंबून असलेला आणि लोकांच्या भाषेतले पुस्तक हाती असलेला होता. पगार थांबला म्हणून काम थांबण्याचा प्रश्नच आला नाही, कारण पगार मुळात नव्हता.

आपल्या वर्गांसाठी यातून पावसाळ्याचे तीन महिने उचलू नयेत. तो हिशेब त्या डोंगरातील शेतीचा होता. आपल्या लोकांच्या कामाच्या वर्षात खरोखर मोकळे दिवस कोणते, आणि शिकून परत जाणाऱ्याच्या हाती त्याच्या बोलीतले काय असेल, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. इमारतीचा प्रश्न त्यानंतर आला तरी चालतो.

प्रश्न : मिशनऱ्यांनी लिसूंची मूळ संस्कृती पुसून टाकली, असा आक्षेप घेतला जातो. आपले मत काय?

उत्तर : आक्षेपात तथ्य आहे, आणि ख्रिस्ती लेखकांनी ते झाकू नये. आत्म्यांना (लिसूत ‘नी’) बळी देणे, आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या ‘नीपा’चे स्थान, घरातील पूर्वजांची वेदी, हे सारे ख्रिस्ती घरांतून गेले. दारू, तंबाखू आणि अफू वर्ज्य झाली. अफू सुटली याचे दुःख कोणी करणार नाही. परंतु दारू हा लग्नकार्याचा आणि पाहुणचाराचा भाग होता, आणि तिच्याबरोबर तिच्याभोवतीची गाणी व नाचही बाजूला पडले. ख्रिस्ती झालेला भाऊ आणि न झालेला भाऊ एका पंक्तीला बसेनासे झाले असतील, तर ती किंमत लहान नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. देवासाठी परका शब्द न लादता लिसूंचाच ‘वूसा’ हा शब्द घेतला गेला. भाषेला लिखित रूप मिळाले आणि ते पत्रव्यवहारापर्यंत पोहोचले. वाद्यांची साथ न घेता चार आवाजांत गायची त्यांची भजने आज दूरवर ख्यात आहेत. सूर बाहेरून आले हे खरे, पण ते गाणे आता लिसूंचे आहे, आणि नाताळ, पुनरुत्थानाचा सण व उपकारस्तुतीचा सण या तिन्ही प्रसंगी गावोगावची माणसे एकत्र जमतात. काय गेले याची यादी परक्यांनी करण्यापेक्षा लिसूंनी केलेली मला अधिक विश्वासार्ह वाटेल. थायलंडमधील लिसूंमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण चीन-म्यानमारच्या मानाने बरेच कमी आहे, म्हणून जुन्या चालीरीती पाहायच्या असतील तर अभ्यासकाने तेथेही जावे.

प्रश्न : मी बायबल कॉलेजातून पदवी घेतली आहे. भारतातील लिसूंमध्ये जाऊन शिकवावे असे मनात आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : भारतातील लिसू अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, विजयनगर आणि गांधीग्रामच्या परिसरात राहतात, सरकारी कागदांत त्यांना ‘योबिन’ही म्हणतात. मियाओपासून विजयनगरचा रस्ता १५७ किलोमीटरचा असून तो नामदफा राष्ट्रीय उद्यानातून जातो, आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. राज्याबाहेरील भारतीय नागरिकाला अरुणाचलमध्ये शिरण्यासाठी इनर लाइन परमिट लागते. त्याखेरीज १९७८ चा अरुणाचल प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा आपण मूळ मजकुरासह वाचावा. बळजबरी, आमिष किंवा फसवणूक यांनी केलेल्या धर्मांतरास तो मनाई करतो आणि धर्मांतराची माहिती जिल्हा प्रशासनाला देण्याची तरतूद त्यात आहे.

आता स्पष्टच लिहितो. तेथील लिसू बहुतांशी आधीपासूनच ख्रिस्ती आहेत, त्यांच्या मंडळ्यांना स्वतःचे वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि पाळक आहेत, आणि म्यानमारमधील पुताओच्या लिसूंशी त्यांचे जुने नाते आहे. आपल्याला बोलावणे त्यांच्या मंडळीकडून आले असेल तरच जावे. बोलावणे आले, तर पहिले वर्ष भाषेसाठी राखून ठेवावे. सहा सूर कानाला वेगळे ऐकू येईपर्यंत आपले प्रवचन ऐकणाऱ्यांची केवळ करमणूक होईल. ग्रीक-हिब्रूची जी थोडी तयारी आपली झाली असेल ती तेथील प्रचारकांना निश्चित उपयोगी पडेल, कारण संपूर्ण लिसू बायबलला अर्धशतक उलटून गेले आहे आणि शब्दांच्या अर्थांविषयी प्रश्न विचारणारी नवी पिढी उभी राहिली आहे. त्यांनी विचारले तेवढेच सांगावे, आणि वर्गात फळ्याशी शक्यतो लिसू शिक्षकालाच उभे करावे.