लिहूनही मन हलके होत नसेल तर

प्रश्न : वडिलांना जाऊन दीड वर्ष झाले. मनातले कागदावर उतरवले की दुःख पेलण्याचे बळ येते, असे अनेकांनी सांगितल्यामुळे तेव्हापासून मी रोज रात्री झोपण्यापूर्वी वही लिहिते. ‘त्यांना आणखी एका डॉक्टरांना दाखवायला हवे होते’ हा विचार मात्र पानोपानी येतो आणि लिहून झाल्यावर झोप उडते. लिहिणे थांबवावे का?

उत्तर : लिहिणे सोडू नका, रोज रात्री लिहिणे मात्र आजच सोडा. ‘मोकळेपणाने लिहा, बरे वाटेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो देणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो; पण ज्या संशोधनाच्या आधारे तो दिला जातो, त्यात इतके सोपे काही म्हटलेले नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. काहींनी केवळ घटना लिहिली, काहींनी केवळ भावना आणि काहींनी दोन्ही. घटना आणि भावना यांची सांगड घालणाऱ्यांना पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात जाण्याची वेळ कमी आली. परंतु लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा अधिकच उदास वाटत होते. म्हणजे लिहिल्यानंतर जड वाटणे हे आपले काही चुकल्याचे लक्षण नाही. मुख्य गोष्ट पुढेच आहे : ते लेखन रोज पंधरा मिनिटे, सलग चार दिवस चालले आणि मग थांबले. त्याचे दीड वर्षाचे व्रत कोणी केले नव्हते.

पुढे अशा लेखनाविषयी शेकडो अभ्यास झाले. त्यांपैकी १४६ अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी लाभ दिसला खरा, पण तो लहानसाच होता. कोणाला लाभ होतो आणि कोणाला नाही, याचा शोध घेताना पेनेबेकर यांनी लोकांचे लेखनच तपासले. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘त्यामुळे’, ‘कारण’, ‘आता कळते’ अशा शब्दांचे प्रमाण वाढत गेले आणि जे ‘मी’ सोडून अधूनमधून इतरांच्या नजरेनेही प्रसंगाकडे पाहू लागले, त्यांना लेखनाचा उपयोग अधिक झाला. तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्याचे मन मात्र घाण्याच्या बैलासारखे चालत राहते आणि अंतर काही कापले जात नाही. नुकत्याच विभक्त झालेल्या पतिपत्नींविषयीचा २०१३ मधील एक अभ्यास तर आपल्यासाठी विशेष बोलका आहे : जे आधीच ‘असे का झाले’ याच विचारात गुरफटलेले होते, त्यांच्यापैकी मनातल्या भावना खोलवर लिहिणाऱ्यांपेक्षा दिवसभरातील कामांची रुक्ष नोंद करणारे लवकर सावरले.

तेव्हा आपण आता लेखनाचा विषय आणि वेळ दोन्ही बदला. दिवसाच्या उजेडात, नंतर काहीतरी काम हाताशी असेल अशा वेळी, पंधरा-वीस मिनिटे लिहा आणि चार बैठकींनंतर वही बाजूला ठेवा. एका बैठकीत आजारपणाचा तो काळ ‘ती’ या तृतीय पुरुषात लिहून पाहा : त्या दिवशी तिला काय ठाऊक होते, डॉक्टरांनी तिला काय सांगितले होते, तिच्या हाती कोणते पर्याय होते. आज ठाऊक असलेली एकही गोष्ट त्या पानावर येऊ देऊ नका. हे वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे आणि म्हणूनच उपयोगाचे आहे. दुसऱ्या एखाद्या बैठकीत आजारापूर्वीचे वडील लिहा, त्यांच्या बोलण्याच्या लकबींसह आणि रागालोभासह, कारण दीड वर्षाच्या वहीत बहुधा केवळ त्यांचे शेवटचे दिवसच उरले असतील. लिहिताना फारच असह्य झाले तर तो विषय तिथेच सोडून द्यावा, असे पेनेबेकर स्वतःही सांगतात.

एवढे करूनही झोप परतली नाही आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर समुपदेशकांची भेट घ्या. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाची जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

प्रश्न : मला चित्रकला येत नाही, पण रंगांशी खेळताना चिंता विसरायला होते. हे विसरणे म्हणजे पळवाट तर नव्हे?

उत्तर : असली तरी उपयोगी आहे. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रातून दुःख व्यक्त करणाऱ्यांपेक्षा चित्र काढताना दुःखापासून लक्ष दुसरीकडे वळवणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. कौशल्याची अटही नाही : २०१६ मधील एका छोट्या अभ्यासात पाऊण तासाच्या कलाकृतीनंतर ३९ जणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे या निष्कर्षावर फार मोठी इमारत उभारू नये. रंगांनी चिंतेचे कारण नाहीसे होत नाही. थकलेल्या मनाला उसंत मिळते आणि मग त्या कारणाकडे पाहता येते. ते पाहणे कायमचेच टळू लागले, तर पळवाट म्हणावी.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या वहीत मृत्यूविषयीच्या कविता दिसल्या. तिला रागवावे, की काही पाहिलेच नाही असे दाखवावे?

उत्तर : दोन्ही नको. या वयात मृत्यूवर लिहिणारी अनेक मुले जगण्याचाच विचार करत असतात आणि भीतीला शब्द देणे हे सावरण्याचेच एक रूप असू शकते. तरीही केवळ कवितेवरून निदान करता येत नाही, धोक्याचेही नाही आणि सुरक्षिततेचेही नाही. वही पाहिल्याचे तिला प्रामाणिकपणे सांगा, कवितेच्या बऱ्यावाईटपणाची चर्चा टाळा आणि ‘तुला स्वतःला संपवावेसे वाटते का?’ असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत निराधार आहे. उलट, मनात तसे काही असेल तर बोलायला वाट मिळते. तिचे उत्तर ‘हो’ असेल, ती माणसांपासून तुटत चालली असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर तिला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. तसे काहीही नसेल, तर वही तिला परत द्या आणि यापुढे तिने दाखवल्याखेरीज उघडू नका.