स्टुडिओ नंतर बघा, आधी रजिस्टर मागा

ताई, लेकीला बारावीनंतर मास मीडियाला घालायचंय, एका कॉलेजात चकाचक स्टुडिओ पण फी दुप्पट, दुसऱ्यात एक खोली आणि चार जुने कॅमेरे, कुठे घालू, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं एका कॉलेजचा स्टुडिओ सांभाळलाय. तिथला क्रोमाचा, म्हणजे शूट करून मागचं दृश्य बदलायचा, हिरवा पडदा पाहुणे आले की उघडायचा. एरवी कुलूप, आणि किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये.

म्हणून दोन्हीकडे जाऊन सामान देण्या-घेण्याचं रजिस्टर दाखवा म्हणा. पानं मळलेली, खाडाखोड, 'बॅटरी चार्ज नाही' अशा तक्रारी दिसल्या तर खुशाल समजा की सामान मुलांच्या हातात जातं. कोरं करकरीत रजिस्टर असेल तर स्टुडिओ माहितीपत्रकातल्या फोटोपुरता आहे. शनिवार-रविवारी कॅमेरा घरी नेता येतो का, तेही विचारा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदाला ठेवलं तर चित्रात पट्टे सरकतात, १/५० ला ठेवलं की जातात. हे वर्गात सांगून कळत नाही. एकदा अख्खं शूट वाया गेलं की जन्मभर लक्षात राहतं, आणि असं वाया घालवायला कॅमेरा हातात असावा लागतो.

आवाजाकडे कुणी बघत नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. ती घुमली तर भिंतीवरचा फोम नुसता शोभेचा. मग एसी चालू करायला सांगा. घरघर ऐकू आली तर रेकॉर्डिंग करताना मुलं तो बंद करून घामाघूम होत बसतात, हे मी रोज बघितलंय.

एडिटिंगला किती मशीन्स आहेत हे ते सांगतीलच, तुम्ही साठवणुकीचं विचारा. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. साठ मुलांचे प्रोजेक्ट कुठे ठेवता, यावर 'पेनड्राइव्ह आणतात मुलं' असं उत्तर मिळालं तर काय ते समजा.

कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं कम्युनिटी रेडिओ केंद्र, म्हणजे आसपासच्या परिसरापुरतं छोटं एफएम केंद्र, असेल तर मी त्याला चकाचक स्टुडिओपेक्षा जास्त मार्क देईन. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर लागते, ती माहीत असेल. अशा केंद्राला निदान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून करावा लागतो. म्हणजे मुलांना वस्तीत, मंडईत माइक घेऊन जावंच लागतं, आणि प्रसारणाची वेळ काही थांबत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटशी मात्र तुलना करू नका, त्यांना १९६० साली प्रभात फिल्म कंपनीचा अख्खा स्टुडिओच आयता मिळाला!

जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या. सर लोक स्टुडिओ दाखवत असताना तिला तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीकडे पाठवा आणि शेवटचा कॅमेरा कधी हातात घेतलास, एवढंच विचारायला सांगा.