लाल फळावरचे पांढरे ठिपके

प्रश्न : मार्चमध्ये महाबळेश्वरच्या जंगलात वेलीसारखं पसरलेलं एक झुडूप दिसलं. खजुराच्या आकाराची नारिंगी-लाल फळं, त्यांवर पांढरे ठिपके. सोबतचा वाटाड्या म्हणाला, ‘आंबगूळ, खा!’ खात्री कशी करायची? बी लावता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वर्णनावरून आंबगूळच वाटतं, काही भागांत याला नेरली म्हणतात. शास्त्रीय नाव इलाग्नस कॉन्फर्टा. मात्र फळाच्या रंगावर जाऊ नका, आधी पान उलटं करा. खालची बाजू चांदीचा वर्ख लावल्यासारखी चकाकते आणि त्यात गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके असतात. नखाने खरवडलं तर चंदेरी भुकटी बोटाला लागते. दहापट भिंगातून पाहिलं तर ती भुकटी म्हणजे ढालीसारखे गोल खवले असल्याचं कळतं. फळावरचे पांढरे ठिपकेही तेच. कोवळ्या फांदीवरही खवले सापडतात.

गफलत होते ती पिसा नावाच्या झाडाशी. त्याच जंगलात तो भरपूर, पानाची खालची बाजू पांढुरकी, फळही लाल. पण पिशाची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, खवले नसतात आणि फळ छोट्या वाटीत बसवल्यासारखं दिसतं. आंबगुळाची पानं एकाआड एक असतात. पान तोडल्यावर चीक आला आणि पानं समोरासमोर असली, तर ते आंबगूळ नव्हेच; काटेही असतील तर बहुधा करवंद. नुसत्या काट्यांवरून मात्र ठरवू नका, आंबगुळालाही कधी कधी असतात.

शेवटची खूण बियांची. फळ लांबट, साधारण दोन-तीन सेंटिमीटर. आत एकच लांबट बी, तिच्यावर आठ उभ्या कडा. कडा मोजूनच चव घ्या. अर्धवट पिकलेलं फळ तुरट लागतं, जीभ आवळते. बोटाने दाबल्यावर मऊ लागेल तेच घ्या. आंबट असल्याने चटणीला उत्तम.

बी लावायची तर गर धुऊन ताजी असतानाच पेरा, साठवू नका. माती पाणी न साचणारी हवी. खत बेतानेच घाला. या कुळातल्या झुडपांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. फांद्या शेजारच्या झाडावर चढतात, म्हणून भक्कम आधार द्या. आणि रोप जंगलातून उपटून आणू नका, अभयारण्यात तर तो गुन्हाच.